त्रिनिदादमध्ये घर बघण्याआधी हायवे बघा

त्रिनिदादला नोकरी लागली की बहुतेक जण आधी पोर्ट ऑफ स्पेनमधली घरं शोधायला लागतात. राजधानी आहे, भारतीय उच्चायुक्तालय तिथे, जाहिरातीही जास्त तिथल्याच. ऑफिस शहरात असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्याकडून येणारी बरीच मंडळी पॉइंट लिसासच्या अमोनिया-मिथेनॉल कारखान्यांत, सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात नाहीतर माउंट होपच्या हॉस्पिटलात कामाला असतात. ही तिन्ही ठिकाणं शहराबाहेर आहेत.

"एवढंसं बेट, कुठूनही कुठेही जाता येईल" हा पहिला गैरसमज. बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही थोडं लहान आहे, हे खरं. पण सकाळी सगळं बेट पोर्ट ऑफ स्पेनकडे निघतं आणि संध्याकाळी परततं. पूर्वेकडून चर्चिल-रूझवेल्ट हायवे येतो, दक्षिणेकडून सॅन फर्नांडोवरून सॉलोमन होचॉय आणि पुढे चग्वानसपासून उरिया बटलर. पहाटे पाचलाच या रस्त्यांवर गाड्यांची रांग दिसते. त्यामुळे नकाशावरचे किलोमीटर मोजू नका, गर्दी कुठल्या दिशेला जाते ते बघा. पॉइंट लिसासला काम आणि घर शहरात, तर सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट जाता, प्रवास लांबचा असला तरी सुसह्य होतो. चग्वानसला घर आणि शहरात ऑफिस, हे गणित मात्र मी कुणालाच सुचवत नाही. स्वस्त भाड्याची सगळी कमाई हायवेवर जाते.

गाडी लगेच घेणार नसाल तर शहराच्या पूर्वेकडच्या ट्युनापुना, क्युरेप, सेंट ऑगस्टीन या पट्ट्यात राहा. इथली रेल्वे 1968 मध्ये बंद झाली आणि पूर्वेकडच्या जुन्या रुळांच्या जागी फक्त बस, मॅक्सी आणि परवानाधारकांसाठी रस्ता झाला. तो अरिमापर्यंत जातो, आणि हायवे तुंबला तरी यावरून माणूस वेळेत पोचतो. मॅक्सी म्हणजे इथल्या मिनीबस. लाल पट्ट्याच्या पूर्वेला जातात, हिरव्या मध्य आणि दक्षिणेला, पिवळ्या पश्चिमेला. परवान्याच्या टॅक्सीची नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते. 'पी' प्लेटच्या खासगी गाड्याही भाडी मारतात, सगळे बसतातही, पण नवख्या माणसाने बसू नये. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, तेवढा एक त्रास वाचतो.

सॅन फर्नांडोत राहून शहरात जायचं असेल तर आणखी एक मार्ग आहे, वॉटर टॅक्सी. सरकारी बोट आहे, कामाच्या दिवशी धावते. बंदराजवळ घर मिळालं तर हायवेचं तोंडही बघावं लागत नाही.

आता चग्वानस. इथे भारतीय वंशाची वस्ती मोठी, म्हणून "आपल्या लोकांत राहू" असं घरचे म्हणणारच. बाजारात भेंडी, कारली, वांगी, चवळीच्या शेंगा मिळतात, तुरीच्या ओल्या शेंगाही. कोथिंबिरीची जागा शॅडो बेनी घेते, वास जास्त उग्र असतो, सवय होते. दिवाळी नगरचा उत्सव इथेच भरतो. जवळच कारापिचाईमाला 85 फुटी हनुमान आणि दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला कुठे जायचं हा प्रश्न सुटतो. अंगणात बांबूवर रंगीत झेंड्या दिसल्या की घर हिंदू आहे हे कळतं. पण इथल्या भारतीयांचे पूर्वज 30 मे 1845 ला आलेल्या 'फतेल रझाक' जहाजापासून पुढे बहुतेक कलकत्त्याहून आले, उत्तर प्रदेश-बिहारकडचे. हिंदी भजनापुरती उरली आहे, बोलणं इंग्रजीतच. माणसं प्रेमळ आहेत, घरी बोलावतील, जेवायला घालतील. तरी "आपला मोहल्ला" मिळेल या हिशेबाने घर घेतलं तर थोडी निराशाच होईल.

मुलं शाळेत जाणारी असतील आणि कंपनी फी भरत असेल तर पश्चिमेकडे बघा. वेस्टमूरिंग्जला आंतरराष्ट्रीय शाळा आहे, त्यामुळे परदेशी लोक त्या भागात जास्त. भाडी तिथे अमेरिकन डॉलरमध्ये सांगतात. पगार टीटी डॉलरमध्ये, म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोच्या चलनात असेल तर टीटीमध्येच करार करा. बँकेत अमेरिकन डॉलर मागितले तेवढे मिळत नाहीत, मग दर महिन्याला धावाधाव. वुडब्रुक, सेंट जेम्स हे शहरातले जुने, चालत फिरण्यासारखे भाग. सेंट जेम्समध्ये बॉम्बे स्ट्रीटही आहे. फक्त जानेवारी लागला की कार्निव्हलसाठी स्टीलबँडचा सराव सुरू होतो, रात्री उशिरापर्यंत. घर पॅनयार्डपासून, म्हणजे या सरावाच्या जागेपासून, किती अंतरावर आहे ते आधी बघा. मला ते वाजणं आवडतं, पण घरात तान्हं बाळ असेल तर विचार करा.

टोबॅगो हे देशातलं दुसरं बेट सुटीसाठी. नोकरी त्रिनिदादला असेल तर विषय संपला.

घर पसंत पडलं की फर्निचर बघण्याआधी पाणी विचारा. बऱ्याच भागांत 'वासा'चं, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा संस्थेचं, पाणी ठरलेल्या दिवशीच येतं आणि जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत तेही कमी होतं. म्हणून घरोघरी काळ्या टाक्या. टाकी किती गॅलनची, पंप आहे का, वरच्या मजल्यावर दाब येतो का, पंप बिघडला तर दुरुस्ती कुणाची, हे लिहून घ्या. चौघांच्या कुटुंबाला 400 गॅलनची एकच टाकी असेल तर मी ते घर घेणार नाही. आमच्या एका घरमालकाने "पाणी चोवीस तास" सांगितलं होतं, चोवीस तास नळच होता.

दुसरा प्रश्न पुराचा. चक्रीवादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला असल्याने बेट बहुधा वाचतं, पण जून ते डिसेंबर पाऊस धो धो पडतो. कॅरोनी नदीचं खोरं सखल आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ला होर्केटाजवळच्या ग्रीनव्हेलसारख्या बांधीव वसाहतीतही पाणी शिरलं होतं. डोंगराखालच्या डिएगो मार्टिनलाही 2012 मध्ये पूर आला. एजंट पुराबद्दल बोलत नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात लावून दाखवतो पाणी कुठवर आलं होतं.

खिडक्यांना लोखंडी जाळ्या बघून घाबरू नका, त्या सगळीकडे असतात. गुन्हेगारी मात्र खरी आहे, आणि गल्लीगणिक बदलते. म्हणून गेट असलेला कंपाउंड आणि वर्दळीचा रस्ता, दोन्ही मिळत असेल तर थोडं जास्त भाडं द्या.

भारतातून मिक्सर आणू नका. वीज 115 व्होल्ट, पिन अमेरिकन. कुकर आणा. पहिले एक-दोन महिने महिन्याच्या भाड्यावर फर्निचरसह खोली घ्या आणि वर्षाचा करार करण्याआधी पसंतीच्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा सोमवारी सकाळी सहाला जाऊन बघा. शाळा सुरू असताना. जुलै-ऑगस्टच्या सुटीत रस्ते मोकळे असतात, तेव्हा जाऊन काही कळणार नाही.