गाडी रुतल्यावरची पहिली दहा मिनिटं

चाकणच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं वेल्डिंग तपासते. सुट्टीच्या दिवशी मात्र मी, माझी थार आणि पौडच्या पुढचा चिखल. लो रेंजच्या, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त देणाऱ्या जोडणीच्या, पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चढते, आणि चाकाखालचा दगडन् दगड पाठीला कळतो. पुढचं एक चाक हवेत जातं, मागचं पकड घेतं आणि गाडी अलगद वर येते. आठवड्याचा सगळा शीण तिथे उतरतो. या सुखासाठी मी पहाटे पाचला उठते आणि उठत राहीन. पण कुणी नवीन आलं की मी आधी चढ शिकवत नाही, रुतलेली गाडी बाहेर काढायला शिकवते. आमच्या या नादात जिवावर बेतण्याची वेळ बहुतेक करून तेव्हाच येते.

चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाची गाडी ओढ्याकाठी लाल चिखलात बसली. ओढणाऱ्याने दोर आपल्या गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला अडकवला आणि झटका दिला. गोळा तुटला आणि रुतलेल्या गाडीची समोरची काच फोडून डाव्या सीटच्या पाठीत घुसला. त्या सीटवर बसलेली ताई दोनच मिनिटांपूर्वी चिखलात चपला सापडेनात म्हणून खाली उतरली होती. तो तुकडा मी हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या भागाचा अर्धा पृष्ठभाग गंजलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे वेल्डला तडा आधीपासून होता, उरलेला अर्धा त्या दिवशी गेला. वरून रंग मारलेला असल्यामुळे कुणाला दिसलं नव्हतं.

म्हणून गाडी रुतली की पहिलं काम, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक जागच्या जागी फिरवत राहिलात तर ते स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. उतरा, चारही बाजूंनी वाकून बघा. टायरमधली हवा तीसवरून अठरा पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते. पंधराच्या खाली नवख्याने जाऊ नये, टायर रिममधून निसटतो. मग फावडं घ्या आणि चाकासमोरची, पोटाखालची माती काढा. निम्म्या गाड्या एवढ्यावरच निघतात, पण खणायचा कंटाळा सगळ्यांना असतो.

नाहीच निघाली तर दोर. तो फक्त चेसीसला बोल्टने बसवलेल्या, याच कामासाठी बनवलेल्या हुकात अडकवायचा. ट्रेलरच्या गोळ्यात नाही, बंपरला नाही, ॲक्सलला नाही. शॅकलवर, म्हणजे दोर जोडायच्या लोखंडी कडीवर, वजनक्षमतेचा आकडा कोरलेला नसेल तर ती घरी ठेवा. ओढायचे दोन पट्टे शॅकलने एकमेकांना जोडू नका, पट्टा तुटला तर तो किलोभराचा लोखंडी तुकडा गोफणीतल्या दगडासारखा येतो. झटक्याने ओढायचा कायनेटिक दोर वेगळा असतो, तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो आणि ती ताकद हळूहळू गाडीला देतो. विंचचा, म्हणजे गाडीवर बसवलेल्या दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, दोर ताणत नाही, त्याला झटका कधीच देऊ नका. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा जाड घोंगडी टाका. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं करा. व्हिडिओ काढणाऱ्यांनाही. इशारा एकानेच द्यायचा. बाकी सगळे गप्प.

चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका आणि सरळ रेषेत मागे या. वळवायला गेलात की गाडी चढाला आडवी होते आणि आडवी झालेली गाडी लोळते. उतारावर क्लचला पाय लावायचा नाही.

पाण्याचं म्हणाल तर कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटरचा आकडा देते, पण तो संथ पाण्याचा धरा. वाहत्या ओढ्यात आधी काठी घेऊन चालत जा. स्वतःला उभं राहता येत नसेल तर गाडीही नको. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. स्पर्धेतली मोडतोड तर नाहीच. पॉलिसी वाचूनच निघा.

पैशांचं सांगते. मला चिखलाचे पाच टायर पाऊण लाखाच्या आसपास पडले. दोर, शॅकल, पंप, फावडं मिळून वीस हजार. विंच मी तीन वर्षं घेतलीच नाही. तिच्याऐवजी दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय न जाण्याचा नियम केला. आणि नव्या लोकांनी टायर मोठे करण्याआधी गाडीखालचे हुक तपासावेत, हे मी कळकळीने सांगते. पंधरा मिनिटं आणि एक टॉर्च लागते.

कुठे जायचं तेही बघा. ताम्हिणीचं अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडायचा नाही. भातखाचराचा बांध चाकाने फुटला तर पाणी निघून जातं आणि लावणी वाया जाते. मालकाला विचारून, ठरलेल्या जागेतच खेळा.

घरी आल्यावर ब्रेकमधली वाळू त्याच संध्याकाळी पाण्याने काढा. सोमवारी गॅरेजमध्ये डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीचा, बोल्ट सैल करून तेल बघा. मधासारखं दिसलं तर ठीक. दुधाच्या कॉफीसारखं आलं तर आत पाणी गेलंय. तेल त्याच दिवशी बदला, नाहीतर महिन्याभरात बेअरिंग आवाज करायला लागेल.