स्ट्रोकचा एमआरआय समोर आला की काय बघायचं, आणि कुठल्या क्रमाने

नवीन ऑन-कॉल करणाऱ्या रेसिडेंट मुलामुलींसाठी लिहितोय, कारण रात्री दोन वाजता घाईत नेमक्या याच गोष्टी राहून जातात.

मशीनआधी वेळ विचारा. नातेवाईक सांगतात "सकाळी सहाला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं" आणि फॉर्मवर सहा लिहिलं जातं, पण घड्याळ सुरू होतं ते पेशंट शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून, म्हणजे रात्री झोपताना. शुगर बघितली का तेही विचारा, खूप कमी झालेली शुगर हुबेहूब स्ट्रोकसारखी दिसते, कधीकधी फिल्मवरसुद्धा.

एमआरआयमुळे क्लॉट (रक्ताची गुठळी) विरघळवणाऱ्या इंजेक्शनला उशीर होणार असेल तर सरळ सीटी करा, त्यात कमीपणा काही नाही. एमआरआयचा खरा उपयोग वेळ माहीत नसते तेव्हा, मेंदूच्या मागच्या भागाचा स्ट्रोक वाटतो तेव्हा, किंवा हा स्ट्रोकच आहे का अशी शंका असते तेव्हा.

मशीन म्हणजे मोठं चुंबक, म्हणून पेसमेकर, ॲन्युरिझमची (मेंदूतल्या नसेच्या फुग्याची) क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण हे सगळं विचाराच, पेशंट बोलू शकत नसेल तर घरच्यांना विचारा. आणि सिलिंडर दाराबाहेर म्हणजे बाहेरच, जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाईकाचा जीव गेलाय.

टेक्निशियनला सांगा की आधी डीडब्ल्यूआय (पाण्याची हालचाल दाखवणारी चित्रं), मग फ्लेअर (मेंदूभोवतीचं पाणी काळं करून डाग दाखवणारी), एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट (रक्त काळं दाखवणारी), आणि शेवटी टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओ (नसांची चित्रं), त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही. बाकी सगळं नंतर. डीडब्ल्यूआय पहिलं अशासाठी की ते मिनिटभरात होतं आणि पेशंट थोडा हलला तरी बहुतेक वेळा वाचता येतं.

आता मुख्य गोष्ट. डीडब्ल्यूआयवर पांढरं दिसलं की लगेच इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला मेंदूचा भाग) म्हणू नका, शेजारी एडीसी मॅप (पाण्याच्या हालचालीचं मोजमाप दाखवणारं चित्र) लावा. रक्त बंद झालं की पेशी फुगतात, पाण्याची हालचाल अडते, म्हणून ताजा इन्फार्क्ट डीडब्ल्यूआयवर लाइट लागल्यासारखा चमकतो आणि एडीसीवर त्याच जागी काळा असतो. एडीसी काळा नसेल तर बहुतेक ते टी2 शाइन-थ्रू, म्हणजे जुना डाग. साधारण आठवडाभराने एडीसी परत नॉर्मलसारखा होतो तेही लक्षात ठेवा. सायनसजवळ आणि कानाच्या हाडाजवळ खोटा पांढरेपणा येतो, तिथे फसू नका.

मग फ्लेअर. डीडब्ल्यूआय पांढरं पण त्याच जागी फ्लेअर अजून नॉर्मल असेल तर स्ट्रोक बहुधा साडेचार तासांच्या आतला, याच मिसमॅचवर 2018 च्या वेक-अप ट्रायलमध्ये वेळ माहीत नसलेल्या पेशंटना अल्टेप्लेज (क्लॉट विरघळवणारं इंजेक्शन) दिलं आणि फायदा दिसला. इथे घाई करू नका, विंडो (चित्रातल्या करड्या छटांची रेंज) अरुंद करून दुसऱ्या बाजूशी नीट ताडून बघा, कारण हलका पांढरेपणा सहज सुटतो.

एसडब्ल्यूआयवर आधी रक्तस्राव शोधा, आणि मग सिल्व्हियन फिशरच्या (मेंदूच्या बाजूच्या खोल खाचेच्या) सुरुवातीला, एम1 (मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा पहिला भाग) जातो तिथे, नसेपेक्षा जाड काळा तुकडा दिसतोय का बघा, तो क्लॉट असतो. अँजिओत तिथेच नस तुटलेली दिसली तर विषय थ्रॉम्बेक्टॉमीचा (कॅथेटरने क्लॉट काढण्याचा). पण प्रवाह नुसता मंद असला तरी टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये नस बंद वाटू शकते, म्हणून एसडब्ल्यूआय आणि अँजिओ शेजारी ठेवूनच ठरवा. डॉन आणि डिफ्यूज 3 या ट्रायल्सनंतर निवडक पेशंटना 24 तासांपर्यंत क्लॉट काढता येतो, त्यामुळे "उशिरा आला" म्हणून अँजिओ सोडू नका, आणि इन्फार्क्ट केवढा झालाय तेही मोजा.

एक सापळा राहिला. चक्कर, उचकी, गिळायला त्रास, आवाज बसलेला आणि डीडब्ल्यूआय स्वच्छ, असं असेल तर "स्ट्रोक नाही" असं लिहू नका. मेडुलातला (मेंदूच्या खोडाच्या तळाच्या भागातला) छोटा इन्फार्क्ट पहिल्या दिवशी चक्क लपतो. पातळ स्लाइसचं कोरोनल (समोरून बघितल्यासारख्या उभ्या कापाचं) डीडब्ल्यूआय घ्या, तरी दिसलं नाही आणि लक्षणं पटण्यासारखी असतील तर दोनेक दिवसांनी परत स्कॅन करा.

पेशंट टेबलावर असतानाच न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावा आणि एवढंच सांगा: रक्तस्राव आहे की नाही, कुठली नस बंद, इन्फार्क्ट केवढा, फ्लेअर पांढरं झालंय का. रिपोर्ट मागाहून टाइप करा.