कृषी जर्नलमधले लेख मोजायला घेताय?

एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाला 'एखाद्या जर्नलचा ग्रंथमितीय अभ्यास', म्हणजे त्यातले लेख, लेखक, संस्था यांची मोजदाद, हा विषय हमखास निघतो. मी 'इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस' घेतलं होतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं हे मासिक १९३१ पासूनचं आहे, आणि अलीकडचे अंक परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मोजायचं काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. शोधनिबंध घ्याल, पण लघुटिपणं? पुस्तक परीक्षणं? मध्येच नियम बदललात तर वर्षावर्षांची तुलना गेलीच.

खरा घाम संस्थांची नावं काढतात. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ मध्ये वसंतराव नाईकांच्या नावाचं झालं; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला त्याआधीच डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव लागलं होतं. जुनी-नवी नावं धरून एक्सेलला ही चार विद्यापीठं वाटतात. पुसाचं उलटं. दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पत्त्यात पुसा, बिहारमधल्या कृषी विद्यापीठाच्या पत्त्यातही पुसा. दिल्लीची संस्था मुळात बिहारच्याच पुसाची; १९३४ च्या भूकंपानंतर ती हलवली. त्यामुळे जुने खंड घेणार असाल तर पत्ता शेवटपर्यंत वाचा.

आता सापेक्ष वाढदर, म्हणजे आधीच्या एकूण लेखांच्या मानाने बेरीज किती वेगाने वाढते ते; आणि दुपटीचा काळ, म्हणजे त्या वेगाने बेरीज दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. जुने प्रबंध चाळलेत तर 'वाढदर घटत गेला, दुपटीचा काळ वाढत गेला' हा निष्कर्ष जागोजागी दिसेल. मला तो निष्कर्षच वाटत नाही. दरवर्षी बरोबर १०० लेख छापणारं जर्नल धरा. एकूण बेरीज १००, २००, ३००, ४००. त्यांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधले फरक ०.६९, ०.४१, ०.२९; हाच वाढदर. ०.६९३ ला (२ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला) या फरकांनी भागलं की दुपटीचा काळ साधारण १, १.७, २.४ वर्षं. जर्नल जागचं हललेलं नाही, तरी दर घसरला! शिवाय मोजणी कुठल्या वर्षापासून सुरू केली त्यावर आकडे बदलतात. गाईडना हा तक्ता हवाच असेल तर द्या, पण शेजारी दरवर्षीचे साधे आकडे ठेवा.

सुब्रमण्यम यांचं १९८३ चं सहलेखनाचं सूत्र सोपं आहे: बहुलेखकी लेख भागिले एकूण लेख. शेतीसंशोधनात एकटा लेखक क्वचितच, म्हणून उत्तर दरवर्षी एकाच्या जवळपास येतं आणि त्यातून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या संस्थांनी मिळून लिहिलेले लेख किती, ते मोजा. गाईड आणि त्यांचाच विद्यार्थी ही जोडी तिथे आपोआप गळते.