खाडीच्या खोल पाण्यातला जिताडा: आधी जागा शोधा, मग गळ टाका

जेट्टीवर उभं राहायला जिथे बरं वाटतं तिथून गळ टाकायचा आणि संध्याकाळी दोन शिंगाळे घेऊन घरी यायचं, असं कित्येकांचं चालतं. जिताडा, म्हणजे खाडीतला हा मोठा शिकारी मासा (इंग्रजीत बारामुंडी), असा मिळत नाही ओ, त्याचं घर शोधायला लागतं.

घर कुठे, तर खाडीच्या वळणाला बाहेरच्या बाजूला पाण्याने काठ कापून जिथे खोल केलंय तिथे, पुलाच्या खांबांच्या आडोशाला, बुडालेल्या खडकांत, नाहीतर दोन फाटे मिळतात तिथे. वाशिष्ठी घ्या, शास्त्री घ्या, वाघोटन घ्या, सगळीकडे हेच. फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) नसला तर अडत नाही, दोरीला शिसं बांधून होडीतून सोडायचं आणि वावेने मोजत जायचं, एक वाव म्हणजे साधारण 6 फूट. 2 वाव, 2 वाव आणि एकदम 4 लागलं की कड सापडली, मासा बहुतेक त्याच उताराला असतो. शिशाच्या बुडाला थोडं ग्रीस फासा, चिखल आहे की रेती तेही वर येतं.

वेळेचं म्हणाल तर उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, खोल पाण्यात ओढ एवढी असते की शिसं तळाला थांबत नाही, म्हणून मी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे लहान भरतीचे, दिवस धरतो. ओहोटीचा शेवट आणि भरती लागतानाचा पहिला तास सोडू नका. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, त्या हिशोबाने निघा. रात्री बॅटरी पाण्यावर मारू नका, जिताड्याचे डोळे अंधारात चमकतात, तो कमी उजेडात शिकार करणारा मासा आहे.

आमिष जिवंत कोळंबी किंवा बोयटं (खाडीतले छोटे मासे). कोळंबीच्या डोक्यात काळा ठिपका दिसतो तिथे गरी घालू नका, लगेच मरते, शेपटीच्या बाजूने घाला. दोरीवर सरकतं शिसं, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग दोन हात लांबीचा जाड लीडर, म्हणजे गरीच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा. लीडर वाचवू नका, जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी कापून जाते, बोटं पण कापतात. तळाला लागलं की हातभर उचलायचं, परत सोडायचं, घाई नाही. दोरी जड झाली की ताण द्या, आणि त्याने उडी मारली तर रॉडचं टोक खाली घ्या, ढील अजिबात नको.

चिपळूणच्या अंगाला वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे रात्री पाण्यात उतरून गळ टाकायचा नाही म्हणजे नाही.

आणि एक मनापासून सांगतो, जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मीटरभराच्या वरची बहुतेक अंड्याची मादीच. ती सोडा. कल्ल्यात बोटं न घालता ओल्या हाताने पोटाखाली आधार द्या आणि तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतःहून शेपटी मारेपर्यंत.