सिक्स्थ फॉर्ममध्ये क्रिमिनॉलॉजीचा अभ्यास कसा करावा

ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही शालान्त परीक्षा संपवून सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याला, गेलेली अनेक मुले टीव्हीवरच्या तपासमालिका पाहून क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेशास्त्र, घेतात आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात येते की येथे प्रयोगशाळा जवळजवळ नाही, लिखाण मात्र भरपूर आहे. बऱ्याच शाळांत डब्ल्यूजेईसी या वेल्समधील परीक्षामंडळाचा लेव्हल ३ डिप्लोमा शिकवला जातो. त्याचे चार घटक असून प्रत्येकाला २५ टक्के भार आहे. पहिला आणि तिसरा घटक शाळेतच देखरेखीखाली प्रत्येकी आठ तासांत लिहायचा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या घटकाची ९० मिनिटांची, ७५ गुणांची लेखी परीक्षा होते.

गुन्ह्यांच्या कथा जितक्या जास्त तितके गुण जास्त, असा समज सुरुवातीला असतो. तो सोडून द्यावा. तीन-चार प्रकरणे मुळापासून समजून घेऊन प्रत्येक प्रकरण कोणकोणत्या प्रश्नांना उपयोगी पडते हे आधीच ठरवणे अधिक फलदायी ठरते.

तिसऱ्या घटकासाठी सॅली क्लार्क यांचे प्रकरण घ्यावे. व्यवसायाने सॉलिसिटर असलेल्या या महिलेला दोन तान्ह्या मुलांच्या हत्येबद्दल १९९९ मध्ये दोषी ठरवण्यात आले. अशा सुस्थितीतील कुटुंबात एका बाळाचा पाळण्यात अचानक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन मृत्यूंची ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका बालरोगतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले होते. कॅल्क्युलेटर घेऊन ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून पाहावे, म्हणजे हा आकडा कोठून आला ते कळते आणि चूकही हाती लागते: दोन मृत्यूंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही असे गृहीत धरले तरच हा गुणाकार चालतो, आणि एकाच घरातील भावंडांच्या बाबतीत, जेथे आनुवंशिक कारण समान असू शकते, तसे धरता येत नाही. शिवाय सूक्ष्मजीव तपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला कळवलेच गेले नव्हते. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तज्ज्ञ साक्षीदार, शवविच्छेदन करणारा डॉक्टर, ज्यूरी आणि चुकीचा निवाडा या चारही मुद्द्यांना हे एकच प्रकरण पुरते.

स्टीफन लॉरेन्स या लंडनमधील कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रकरणाचा आवाका याहून मोठा आहे. १९९३ मध्ये झालेला त्याचा वर्णद्वेषी खून, पोलिसांवर ‘संस्थात्मक वर्णद्वेषा’चा ठपका ठेवणारा १९९९ चा मॅकफर्सन अहवाल, एकदा निर्दोष सुटलेल्यावर पुन्हा खटला चालवण्यास गंभीर गुन्ह्यांत मुभा देणारा २००३ चा कायदा आणि जॅकेटवरच्या रक्ताच्या सूक्ष्म डागासारख्या नव्या पुराव्यावरून २०१२ मध्ये दोघांना झालेली जन्मठेप, अशी ही साखळी पहिल्या घटकापासून चौथ्यापर्यंत पोहोचते. वहीत ती तारखांसह एकाच पानावर मांडावी.

दुसऱ्या घटकातील सिद्धान्त पाठ करणे सोपे, त्यांचे मूल्यमापन करणे अवघड. गुण जातात ते येथेच. १८७६ मध्ये इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसो यांनी शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येणाऱ्या जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली, एवढे लिहून थांबू नये. १९१३ मध्ये इंग्लंडमधील तुरुंगांचे डॉक्टर गोरिंग यांनी सुमारे तीन हजार इंग्लिश कैद्यांची इतरांशी तुलना केली आणि तसा वेगळा शारीरिक प्रकार त्यांना आढळला नाही, हेही लिहावे. समाजाने मारलेला शिक्काच माणसाला गुन्हेगार ठरवतो असे मानणाऱ्या लेबलिंग सिद्धान्तासाठी मराठी घरातील विद्यार्थ्याला एक उदाहरण जवळचे आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये भारतात गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा गेला, पण संशय गेला नाही. असे उदाहरण दोन वाक्यांत द्यावे, कारण परीक्षकाला इतिहास नको, सिद्धान्त लागू करून दाखवलेला हवा असतो.

शाळेतील आठ तासांच्या लेखनाला स्वतःच्या टिपणवह्या नेता येतात, तयार उत्तरे नेता येत नाहीत. म्हणून टिपणे निकषवार लावावीत आणि नेमके नियम शिक्षकांना विचारून घ्यावेत. लेखी परीक्षेत एका गुणाला साधारण सव्वा मिनिट मिळते, म्हणजे नऊ गुणांच्या प्रश्नाला अकरा मिनिटे. वर्णन करा, स्पष्ट करा आणि मूल्यमापन करा या तीन आज्ञांतील फरक न पाहता लिहिलेले दीड पान बहुधा वाया जाते. या डिप्लोमाला ए-लेव्हल या सिक्स्थ फॉर्ममधील नेहमीच्या परीक्षेइतकेच यूकास गुण, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी मोजले जाणारे गुण, मिळत असले, तरी तो ए-लेव्हल नव्हे. तेव्हा कायदा किंवा मानसशास्त्र शिकायचे असल्यास संबंधित विद्यापीठाच्या प्रवेश अटी विषय निवडण्यापूर्वीच वाचाव्यात.