गोळी चालू ठेवून ताट कसं बदलायचं, आरए आणि थायरॉईडवाल्यांसाठी

मला आरए, म्हणजे सांधे सुजवणारं रुमेटॉइड आर्थ्रायटिस, निघालं त्या महिन्यात घरात डब्यांचं दुकानच झालेलं. आत्याबाईंनी गुळवेलचा काढा पाठवला, भावानं अश्वगंधा आणली, शेजारच्या वहिनींनी कसलीशी हिरवी पावडर दिली, आणि मी घाबरलेली असल्यामुळं सगळं एकदम सुरू केलं, वर गहू बंद, दूध बंद, वांगं बंद. तीन आठवड्यांनी अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलंय, तर माझी यादी संपेचना, आणि ते पुरळ कशानं उठलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

म्हणून आधी एक वही घ्या. शंभर पानी, साधी. सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, झोप किती झाली, गोळी घेतली का, नवीन काय खाल्लं, एवढंच रोज लिहायचं. मी अजून एक लिहिते, आज भाकरी थापता आली का. नुसतं "दुखतंय हो" म्हटल्यावर डॉक्टर मान हलवतात, पण "या महिन्यात नऊ दिवस भाकरी थापता आली नाही" म्हटल्यावर लगेच पेन खाली ठेवून ऐकतात. आणि बदल एका वेळी एकच करायचा, तीन-चार आठवडे बघायचं, मग दुसरा.

गोळ्यांचं आधी सांगते कारण खाण्याच्या नादात लोक तिथंच चुकतात. आरएला मेथोट्रेक्सेट देतात ती बहुतेकांना आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, त्यामुळं वार ठरवून टाका, आमच्या घरी रविवार आहे आणि पोरंसुद्धा विचारतात घेतली का. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्यायचं. या गोळीवर असताना दारू नको, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर नाही. स्टेरॉइड चालू असेल तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, हळूहळूच कमी करावं लागतं. अजून एक, बिनलेबलची पुडी घेऊन दोन दिवसांत सांधे पळायला लागले तर खूश होऊ नका, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

माझ्या जाऊबाईंना हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडवरच उलटते तो ऑटोइम्यून आजार. त्या वर्षभर थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेत होत्या आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) काही खाली येईना, डोस मात्र वाढत गेला. ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवायचं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद करा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता डबे. ऑटोइम्यून म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर नाहीतर थायरॉईडवर उलटलेली असते. मग "इम्युनिटी वाढवा" असं लिहिलेला डबा आपल्याला कशाला पाहिजे? गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली मांडल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद त्यांचा, पण मेथोट्रेक्सेटवर असताना लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं तर मी तरी त्यात भर घालणार नाही. अश्वगंधा थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते आणि तिच्यानंही काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आहे. त्या हिरव्या पावडरीचं लेबल नंतर वाचलं तर आत अल्फाल्फा, म्हणजे आपलं म्हशीला घालतो ते लसूणघास! ल्युपस (हाही ऑटोइम्यूनच) असलेल्यांचा आजार त्यानं उसळल्याची उदाहरणं आहेत. म्हशीला चालू दे.

हळदीबद्दल बोलल्याशिवाय सांगलीकराला राहवत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायचे, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालं, आणि आपल्याला वाटतं घरातच औषध आहे. पण हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा औषधी म्हणतात तो घटक, साधारण तीन-चार टक्के असतं आणि त्यातलंही पोटातून रक्तात फार थोडं जातं, त्यामुळं भाजी-आमटीतली हळद खुशाल खा, तिनं आरए मात्र आटोक्यात येत नाही. कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालून ते शोषण वाढवलेलं असतं आणि तशा जोरदार डोसनं लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्या कॅप्सूल नकोच.

ताटात काय बदलायचं तर खरं सांगू का, आजीच्या ताटाकडं परत जायचं. ज्वारीची भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, मेथी-पालक, ताक, जवसाची चटणी, मांसाहार करत असाल तर मासे. जवसातलं ओमेगा-३ शरीरात थोडंच कामी येतं, माशातलं जास्त, पण चटणी चवीला भारी लागते म्हणून मी रोज खाते. कमी करायचं ते बेकरीचं, कोल्ड्रिंक, रोजचं तळण. भडंग सोडलेलं नाही, मूठभर खाते.

गहू सोडायचा विचार असेल तर थांबा, आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेननं आतडं खराब होतं तो आजार) रक्ततपासणी करून घ्या, कारण गहू सोडल्यावर ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग परत महिना-दोन महिने गहू खाऊन टेस्ट करत बसावं लागतं. सिलिॲक निघालंच तर गहू, जव आणि रवा-मैदा कायमचा बंद, आणि आपल्याकडं लोक हमखास फसतात तो खपली गहू, "खपली चालतो" असं सांगतात पण त्यातही ग्लूटेन असतं. बाजारातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. सिलिॲक नसेल आणि वहीत गव्हानं काही फरक दिसत नसेल तर चपाती खा की.

वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा सगळं बंद करायला सांगणारं एक डाएट फिरतंय, एआयपी (ऑटोइम्यून प्रोटोकॉल) म्हणतात त्याला, त्यात धान्य, डाळी, दूधसुद्धा बंद. २०१९ साली हाशिमोटो असलेल्या सोळा-सतरा बायकांवर करून बघितलं, त्यांना बरं वाटलं पण थायरॉईडच्या आकड्यांत आणि अँटीबॉडीत म्हणावा तसा फरक पडला नाही. भाकरीही नाही, डाळही नाही, मग आपण खायचं काय? कृष्णाकाठची वांगी सोडायची म्हणजे जिवावर येतं, तरी मी तीन आठवडे सोडली, परत खाल्ली, वहीत काहीच फरक नाही. आता भरली वांगी आठवड्याला होतात. तुमच्या वहीत फरक दिसला तर तुम्ही सोडा.

सप्लिमेंटमध्ये डी व्हिटॅमिन तेवढं मी मानते, तेही तपासून. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोक घेऊन त्यातल्या साधारण अर्ध्यांना पाच वर्षं देऊन बघितलं, रोज २००० युनिट, तर न घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात नवीन ऑटोइम्यून आजार २२ टक्के कमी निघाले, हे २०२२ मध्ये छापून आलंय. म्हणजे आजार व्हायच्या आधीचं ते, झालेला बरा होतो असं त्यात नाही. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते ती सांगितलेले आठवडेच घ्यायची, आमच्या ओळखीत एकांनी वर्षभर घेतली आणि कॅल्शियम वाढून ॲडमिट व्हावं लागलं. सेलेनियमही स्वतःच्या मनानं नको, आणि थायरॉईडवाल्यांनी समुद्री शेवाळाच्या गोळ्या तर अजिबात नकोत, जास्त आयोडीननं हाशिमोटो बिघडतं.

सिगारेट-बिडी बंद. याच्यावर चर्चा नाही, आरए होण्यात आणि वाढण्यात तिचा मोठा हात आहे. मिश्री पण सोडा, हिरड्या खराब होतात आणि हिरड्यांच्या आजाराचा आरएशी संबंध दिसलाय. चालायला मी आमराईत जाते, दुखत असेल त्या दिवशी एकच फेरी, पण जाते.

राहिला ताण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही आठ दिवस पाहुण्यांकडं होतो, गोळ्या कपाटात राहिल्या आणि कपाट पाण्यात, त्यानंतर मनगटं अशी सुजली की दोन महिने बांगडी चढली नाही. आता जून लागला की पंधरा दिवसांच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स आणि ती वही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराशेजारच्या खुंटीला टांगते, रेशनकार्डाच्या पिशवीशेजारीच.