कोरड्या ओढ्यात यंत्र घालण्याआधी

पाऊस तोंडावर आला की शेताची साफसफाई सुरू होते आणि त्या झपाट्यात ओढाही साफ केला जातो. काठावरची झुडपे तोडली जातात, वळणे काढून पात्र सरळ केले जाते, कोपऱ्यातल्या चिबड जागेत चर मारून पाणी बाहेर काढले जाते. यंत्र आलेच आहे तर तेही उरकून घ्यावे, असा विचार असतो. या हंगामात ते काम थांबवावे, ही कळकळीची विनंती.

वळणाचा ओढा सरळ केला की पाणी तेवढीच उंची कमी अंतरात उतरते. उतार वाढतो, वेग वाढतो आणि पाणी तळ खरवडू लागते. तळाला पडलेली पायरी पुरागणिक वरच्या अंगाला सरकत जाते. मग काठाचा पाया सुटतो, दरड ढासळते आणि आपलीच माती गाळ होऊन वाहून जाते. शिवाय पात्र जितके खोल, तितकी शेजारच्या जमिनीतली ओल त्यात लवकर निथळते. पुराच्या भीतीने केलेले काम असे उन्हाळ्यात विहिरीवर येऊ शकते. पूरही टळत नाही, खालच्या शेतावर जास्त जोराने जातो.

रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा, फांद्या आणि प्लास्टिक जरूर काढावे. पण मोरीपासून लांब, पात्रात आडवे पडलेले खोड राहू द्यावे. त्याच्या आडोशाला डोह तयार होतो आणि ओढा आटू लागला की मासे तिथेच तग धरतात.

काठापासून किमान 5 मीटर, उतार तीव्र असेल तर 10 मीटर किंवा अधिक, एवढा पट्टा नांगरू नये. शेताच्या बाजूला दाट गवत आणि पाण्याच्या बाजूला खोल मुळांची स्थानिक झाडे ठेवावीत. गवतात पाण्याचा जोर मोडतो, गाळ तिथेच बसतो आणि मातीच्या कणांना चिकटलेले स्फुरदही (फॉस्फरस) थांबते. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, सावलीने पाणी थंड राहते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांवर साडेसातच. उघड्या काठाच्या ओढ्यात उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडतात, त्याचे हेही एक कारण असते. काठावर तणनाशक तर मुळीच फवारू नये. मुळे मेली की पहिल्याच मोठ्या पुरात दरड जाते.

नत्राची गोष्ट वेगळी आहे. नत्राचे नायट्रेट हे रूप पाण्यात विरघळून जमिनीखालून झिरपत जाते, त्यामुळे वरचे गवत त्याला पुरे पडत नाही. ज्या चिबड जागेला आपण निकामी म्हणतो, ती इथे कामाला येते. ओल्या, हवा कोंडलेल्या, कुजक्या पाल्याच्या मातीत जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि नत्र वायू होऊन हवेत निघून जाते. तेवढे खत ओढ्यात आणि विहिरीत उतरत नाही.

अशी जागा ओळखायला हातभर खड्डा घ्यावा. माती राखाडी किंवा निळसर आणि मुळांभोवती गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तिथे वर्षातला बराच काळ पाणी मुरून राहते. तिथे पेरलेले पीक पुन्हा पुन्हा पिवळे पडते, बी आणि खत वाया जाते. माझ्या मते ती जागा लव्हाळ्याला आणि पाणकणसाला सोडून देण्यातच शहाणपण आहे. डासांची शंका अनेकांना येते. पण जिवंत पाणथळीत चतुरांची पिल्ले, पाणकिडे आणि मासे डासांच्या अळ्या खातात. त्यासाठी बाहेरचे गंबुशिया मासे आणून सोडू नयेत, ते बेडकांची पिल्ले आणि इतर माशांची अंडीही फस्त करतात.

जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर खत फेकू नये. द्यायचेच तर थोडे थोडे, मातीत गाडून द्यावे. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. गुरांसाठी दगड अंथरून एकच उतरण ठेवावी. काठापासून दूर हौद बांधता आला तर सर्वांत उत्तम. जलपर्णी फुलोऱ्यात येण्याआधी काढावी आणि पुराच्या रेषेच्या वर ढीग करून कुजवावी. काठाशीच टाकली तर तिच्यातले अन्नद्रव्य पुन्हा पाण्यात जाते.

आणि एक सोपी तपासणी करावी. वाहत्या पाण्यातला दगड उचलून त्याची खालची बाजू पाहावी. तीन शेपट्यांचे चपटे किडे किंवा वाळूच्या कणांची घरटी करणाऱ्या अळ्या चिकटलेल्या असतील तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्याच लालभडक अळ्या सापडल्या तर वरच्या अंगाला घाण कुठून मिसळते ते शोधावे. दगड पुन्हा होता तसा ठेवावा, तारीख टिपावी आणि पूर ओसरून पाणी निवळल्यावर त्याच जागी पुन्हा पाहावे.